जिवंत माणसाची श्रद्धांजली

४ जानेवारी

शिसारी! दुसरा शब्दच नाही. सकाळपासून खोट्या दाढीचा गोंद ओठाच्या कोपऱ्यातून तोंडात जातोय आणि मी चाकाच्या खुर्चीत मान वाकडी करून बसलोय. मालिकेतल्या आजोबांना अर्धांगवायू झाला आहे. का झाला? तर लेखकाला आजोबांची वाक्यं लिहायचा कंटाळा! वाचा गेली की काम सोपं. दिग्दर्शक म्हणजे कालचं पोर. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "सर, तुम्ही नुसतं बघा. तुमचं बघणं फार बोलतं."

आग लागो त्या बघण्याला!

नटांच्या सभेत ज्याने उभं राहून निर्मात्यांना घाम फोडला, ज्याचं भाषण ऐकायला लोक दारात उभे राहिले, त्याच्या हनुवटीवर ब्रशने लाळ लावतात. लाळ म्हणजे ग्लिसरीन. गोड असतं. तेही तोंडात गेलं.

५ जानेवारी

बघितलं. दिवसभर बघितलं.

९ जानेवारी

आज एका वृत्तवाहिनीची मुलगी घरी आली. चुणचुणीत, हातात दोन फोन. चहाचा कप तोंडाला लावायच्या आत म्हणाली, "सर, सरकार अ‍ॅडमिट आहेत. कळलं असेलच."

कळलं होतं. सरकार म्हणजे आमचे नायक. थिएटरच्या झाडूवाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळे त्यांना सरकारच म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं! आयुष्यभर मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांचा नोकर झालो, मेहुणा झालो, वकील झालो, एकदा मारेकरी झालो. वयाने त्यांच्याहून लहान असून कितीदा तरी बाप झालो. ते केस काळे करायचे, मी पांढरे करायचो. जमायचं.

"तर सर, आम्ही सगळ्यांचे बाइट घेऊन ठेवतोय. म्हणजे... काही झालंच, तर ऐन वेळी धावपळ नको."

मला आधी कळेचना. मग कळलं. माणूस श्वास घेतोय आणि ही श्रद्धांजली गोळा करत फिरते आहे!

"सगळेच देतात सर. आणि तुमच्यासारखं कोणी बोलत नाही. फक्त एक — ‘आहेत’ नको हं. ‘होते’ म्हणा."

मी तिला दार दाखवलं. काय काय बोललो आठवत नाही, पण चांगलं बोललो असणार, कारण शेजारचे जिन्यात आले होते. बायको एवढंच म्हणाली, "तिला चहा तरी संपवू द्यायचा होता. लेकीच्या वयाची आहे."

१० जानेवारी

त्या मुलीचा राग गेला. स्वतःचाच आला.

तिचं काय चुकलं? या धंद्यात कोणी गेलं की पहिला फोन मलाच येतो. संगीतकार गेला, बोलावा त्याला. नेपथ्यकार गेला, बोलावा त्याला. मी काळा कोट चढवतो, माइकची उंची नीट करतो आणि सांगतो की मोठी पोकळी निर्माण झाली. इतक्या पोकळ्या मी निर्माण केल्या आहेत की आमचा व्यवसाय आता नुसती चाळण उरला असेल! दारुड्याला मी कलंदर म्हटलं. पैसे बुडवणाऱ्याला दिलदार म्हटलं. बायकोला मारणाऱ्याला मनस्वी म्हटलं, आणि ती बायको पहिल्या रांगेत बसली होती. माझ्याकडे बघत होती. 

जगभरची भाषणं वाचली मी. राजांच्या तोंडावर बोललेली, फाशीच्या फळीवरून बोललेली. ती वाचून शिकलो काय? तर मेलेल्याला लोणी कसं लावायचं!

१२ जानेवारी

ठरलं. बाइट देणार. पण खरा देणार.

आजवर कोणी दिला नसेल असा. एकदा तरी श्रद्धांजलीत खरं बोललं जाऊ दे. आणि सरकारांबद्दलचं खरं काय, ते मला पाठ आहे. इतकी वर्षं रोज घोकलंय.

तुरुंगाचं नाटक. सरकार फाशीचा कैदी, मी म्हातारा पहारेकरी. दोन अंक मी किल्ल्या वाजवत फिरायचो. तिसऱ्या अंकात, फाशीच्या पहाटे, पहारेकरी दार उघडण्याआधी बोलायचा. नुसता बोलायचा नाही, पेटायचा! कायदा, देव, न्यायाधीश, स्वतःचे हात, कोणाला सोडत नव्हता. असं भाषण नटाच्या वाट्याला जन्मात एकदा येतं. मी झोपेत म्हणायचो ते. तालमीत माझ्याच अंगावर काटा यायचा.

जेमतेम आठवडाभर प्रयोग झाले. मग एका दुपारी दिग्दर्शक रंगपटात आले. माझ्याकडे न बघता, आरशाकडे बघत म्हणाले, "ते भाषण आजपासून नाही. तू नुसता उभा राहा, त्याच्याकडे बघ, आणि दार उघड."

"का?"

"सरकारांची इच्छा."

बस! नायकाला सहन झालं नाही. शेवटच्या प्रवेशात टाळ्या पहारेकऱ्याला? छे! कापा.

नाटक वर्षानुवर्षं चाललं. आणि विटंबना अशी, की मला उभ्या जन्मात जे एकमेव बक्षीस मिळालं ते त्या प्रवेशाबद्दल. न बोलल्याबद्दल! समीक्षकांनी लिहिलं, ‘मौनाचा बादशहा’. झालं! तेव्हापासून मी गप्प. गप्प बाप, गप्प नोकर, गप्प शेजारी. कोणाला हुंदका आला की कॅमेरा माझ्या तोंडावर. आता अर्धांगवायू! बोलायचं ते फक्त मेलेल्यांपुढे.

बक्षिसाची ती बाहुली अजून कपाटावर आहे. पितळी. तिच्याकडे बघितलं की तोंड कडू होतं.

१३ जानेवारी

बायकोला सांगितलं. त्या नाटकाला तीच प्रॉम्प्टर होती, विंगेत स्टुलावर संहिता घेऊन बसायची. तिथेच आमचं जमलं. तिला वाटेल आनंद, असं मला वाटलं!

भाजी निवडत होती. हात थांबले. "बाकी हवं ते बोला. त्या भाषणाचं नको."

"का नको? तूच साक्षीदार आहेस!"

"किती वर्षं झाली त्याला, अहो."

"अन्यायाला वय नसतं!"

"हे वाक्य चांगलंय," ती म्हणाली. "सभेत वापरा." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

हिलाही सरकारांचा पुळका! सगळ्या बायकांना असतो. ते हसले की विंगेतल्या बायका पदर सावरायच्या.

१५ जानेवारी

दिला बाइट. मुलगी आली, बरोबर कॅमेरामन. मी पुस्तकांच्या कपाटापुढे उभा राहिलो. बसून मला बोलता येत नाही. आणि सोडलं! गंगाळ उपडं करावं तसं. "ज्याला तुम्ही महान म्हणता, त्याने एका नटाचा आवाज चोरला. चोरला!" खिडकीची काच थरथरली.

संपल्यावर मुलगी डोळे मोठे करून म्हणाली, "सर... हे चालवायचं?"

"हेच चालवायचं. नाहीतर मी दिलेला नाही असं समज."

"सर, ‘होते’ राहिलं दोन ठिकाणी."

कॅमेरामन तेवढ्यात जांभई देत होता. बघितलं मी. यांना काय कळतंय!

१८ जानेवारी

या धंद्यात गुपित रंगपटाच्या पडद्याइतकंच टिकतं. कोणीतरी त्या बाइटची बातमी सरकारांपर्यंत पोचवली. दुपारी त्यांच्या मुलीचा फोन. "काका, बाबांनी बोलावलंय. हॉस्पिटलमधून घरी आणलंय त्यांना. म्हणाले, त्याला सांग, येताना माझी श्रद्धांजली घेऊन ये."

जाणार! घाबरतो की काय!

१९ जानेवारी

गेलो. बायको पण आली, नको म्हटलं तरी.

खोलीत औषधाचा वास आणि सरकार. किती आटलेत! बाहीतून मनगट म्हणजे नुसती काडी. पण पलंग खिडकीपाशी असा लावून घेतलाय, की उजेड बरोबर डाव्या गालावर पडतो. डावी बाजू त्यांची चांगली. मरतानाही! मला हसू आलं आणि किळसही.

"ये लेका. पाजळ."

"काय?"

"माझी श्रद्धांजली. मेल्यावर मला ऐकू यायची नाही. आत्ता म्हण."

मला वाटलं, माणूस विनवेल. निदान वाद घालेल. मी उभा राहिलो, पलंगाच्या पायथ्याशी, आणि म्हटली. सगळी. तोंडावर! ‘चोरला’ म्हणताना बोट रोखलं.

सरकारांनी डोळे मिटून ऐकलं. मग डोळे न उघडता म्हणाले, "चोरला म्हणू नकोस."

"का? झोंबलं?"

"अरे, चोर म्हटलंस की पब्लिक माझ्या बाजूला येतं. मेलेल्या माणसाला चोर म्हणतो हा, असं होतं. ‘काढून घेतला’ म्हण. त्यात तू बिचारा दिसतोस. आणि बोट खाली ठेव. बोट दिसलं की माणसं बोटाकडे बघतात."

माझी श्रद्धांजली बसवायला लागले! माझं आरोपपत्र! आयुष्यभर माझ्या प्रवेशात खोकले, चष्मे पुसले, आणि आता त्यांच्याच निंदेचं दिग्दर्शन! याला काय म्हणायचं? निर्लज्जपणाला एक उंची असते, ती मी आज पाहिली.

मी विचारलंच. "ते सोडा. खरं सांगा, का काढलंत ते भाषण?"

 ते मान वळवून माझ्या बायकोला म्हणाले, "प्रॉम्प्टरबाई, तुमचा माणूस वाक्यं नीट घेतोय ना?"

 ती पाणी आणायला म्हणून बाहेर गेली, ती आलीच नाही. जाताना बघितलं तर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी.

"उद्या ये," सरकार म्हणाले. "अजून कच्चं आहे."

२० जानेवारी

पुन्हा गेलो. का गेलो? कारण त्यांनी सांगितलेलं बरोबर होतं, म्हणून! हेच सहन होत नाही.

आज म्हणाले, "पहिलं वाक्य घे आणि थांब. तिथे माणसं हलतात. त्यांना हलू दे." थांबलो. खरंच, तिथे जागा आहे.

२१ जानेवारी

मालिकेत आजोबांनी आज एक बोट हलवलं. कथेला मोठी कलाटणी म्हणे. हलवायला पाच टेक लागले, कारण पहिल्या चारांत मी ते दिग्दर्शकावर रोखलं होतं.

तिथून सरळ सरकारांकडे.

२३ जानेवारी

"आवाज खाली," ते सारखे म्हणतात. "तू वर गेलास की समोरचा खुर्चीत मागे सरतो. का वर जातोस? मी बहिरा नाही. भाषण करू नकोस रे. बोल."

"मी वक्ता आहे!"

"माहितीये. सगळ्या गावाला माहितीये. शोकसभेत मुडदा पण दचकतो." एवढं बोलून त्यांना हसू आलं आणि हसण्यातून खोकला. मुलगी धावत आली. मला म्हणाली, "काका, तुम्ही येता ते दोन तास ते औषधाला कुरकुरत नाहीत." वर म्हणे थँक्यू. मी त्यांना शिव्या द्यायला जातो आणि ही माझे आभार मानते!

२४ जानेवारी

आज मी त्यांच्या पलंगाशेजारी बसून म्हटलं. उभा राहिलोच नाही. हळू म्हटलं, जसं जेवताना मीठ मागावं. ‘ते भाषण माझ्याकडून काढून घेतलं.’ मग थांबलो. मग, ‘त्यानंतर मी गप्प आहे.’

सरकार माझ्याकडे बघत होते. नटासारखं नाही, साधं. म्हणाले, "हां. आता माझी वाट लागली."

बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो आणि मला प्रचंड राग आला. काय चाललंय हे? तुला राग यायला हवा आणि तू तालमीला जातोस! घरी येऊन बायकोला म्हटलं, माणूस इतका खालच्या थराला जातो, की आपल्यावरचा आरोपही दुसऱ्याला सुखाने करू देत नाही. त्यातही स्वतःचं काम घुसवतो.

ती म्हणाली, "राहू द्या ना तो बाइट. रद्द करा."

"आता? आता कुठे तो रंगलाय!"

कधी नव्हे ते दार आपटून आत गेली.

२७ जानेवारी

बाइट पुन्हा दिला. मुलीला सांगितलं, जुना पुसून टाक. बसून बोललो. सरकारांनी बसवल्याप्रमाणे, शब्दाला शब्द. एकदाही ओरडलो नाही. संपलं. कॅमेरामनने हातातला चहा खाली ठेवला होता. मुलगी नाक पुसत म्हणाली, "सर, ‘होते’ सगळीकडे आलं."

यश! आणि यशाचा एवढा वीट मला कधी आला नव्हता. तो बाइट माझा आहे की त्यांचा?

३० जानेवारी

सरकारांना आज बोलवत नव्हतं. मी गेलो, खुर्ची ओढून बसलो. ते माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. तालीम झाली नाही. तास गेला.

६ फेब्रुवारी

सरकार गेले. सकाळी, चहा मागून. चहा येईपर्यंत.

माझा फोन दुपारपर्यंत तापून चटका देईल इतका वाजला. दर अर्ध्या तासाने माझा बाइट. मधे जाहिराती. सरकारांचा तरुणपणचा फोटो, डावी बाजू, आणि खाली फिरती पट्टी: ‘महानायकाने सहकलाकाराचा आवाज हिरावला’. हिरावला! हा शब्द माझा नाही. कोणा गाढवाने घातला?

जो तो म्हणतो, काय सच्चेपणा! काय धाडस! निर्मात्यांचे फोन. माझी वाक्यं चोरून पाठ करणारे दोन टुकार नट रडत रडत फोनवर, "सर, आम्हालाही सरकारांनी असंच दाबलं." कधी दाबलं? तुमच्याकडे दाबण्यासारखं होतं काय? आणि कालपर्यंत याच तोंडांनी सरकारांचे पाय चाटत होते ना? थू! खरं बोललो तर अशी गिधाडं येऊन बसतात त्या खऱ्यावर. चॅनेलवर चर्चा लावली आहे. चौकटीत चौघे. सगळे ओरडतायत.

सरकारांच्या मुलीचा फोन नाही. मी केला. उचलला नाही.

संध्याकाळी पुढ्यात ताट होतं. गेलं नाही. बायको समोर बसून होती. तिनेही घास घेतला नाही. सरकार गेल्याचं दुःख असेल, असू दे. मी पण रडलो, न्हाणीघरात, नळ सोडून.

७ फेब्रुवारी

शोकसभा उद्या. बोलायला मलाच बोलावलंय, अर्थात. सकाळी कोट काढला. बायकोने तो माझ्या हातातून घेतला आणि खुर्चीवर ठेवला. म्हणाली, बसा. मग उभी राहूनच बोलली, विंगेत कुजबुजावं तशी, एका दमात:

"त्या भाषणात लोक हातातली नाटकाची पत्रकं चाळायचे. खोकायचे. मी रोज बघायची, विंगेच्या पडद्याच्या भोकातून. तुम्हाला दिव्यांमुळे दिसत नव्हतं. दिग्दर्शकांना तुम्हाला सांगवेना. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, काढा. सरकार तिथेच दाढी उतरवत होते. म्हणाले, ‘माझं नाव सांगा. तसाही त्याचा माझ्यावर राग आहेच, थोडा वाढेल. होणाऱ्या बायकोवर नको. आणि तो नुसता गप्प उभा राहिला ना, तर माझ्याकडे कोण बघणार आहे? तरी काढा.’"

बाहेरच्या खोलीत, टीव्हीवर, मी अजून बोलतोच आहे.